वापरलेला बोलिंग बॉल: रास्त भाव कसा ओळखायचा

अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी मंडळींना टेनपिन बोलिंगची गोडी बहुधा ऑफिसच्या लीगमुळे लागते. सुरुवातीला अ‍ॅलीतल्या रॅकवरचा बॉल चालून जातो. काही आठवड्यांनी त्याची अडचण कळू लागते. त्याची भोकं कुणाच्याच हाताच्या मापाची नसतात. अंगठा सैल, बोटं घट्ट, म्हणून बॉल निसटू नये यासाठी तो आवळून धरावा लागतो आणि रात्री मनगट ठणकतं. शिवाय रॅकवरचे जवळजवळ सगळे बॉल प्लॅस्टिकचे, त्यामुळे कितीही फिरकी दिली तरी नाकासमोर जाणारे. मग स्वतःच्या बॉलचा विचार डोक्यात येतो. प्रो शॉपमध्ये, म्हणजे बहुतेक अ‍ॅलींना लागूनच असणाऱ्या बॉलच्या दुकानात चौकशी केली की दोनशे डॉलरच्या आसपासचे आकडे कानावर पडतात. घरी येऊन माणूस फेसबुक मार्केटप्लेस उघडतो, तर तिथे तोच बॉल, त्याच रंगाचा, चाळीस डॉलरला दिसतो.

त्या चाळीस डॉलरवर जाऊ नका, हे मला सर्वांत आधी सांगायचं आहे. वापरलेला बोलिंग बॉल दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखा असतो. उसवून पुन्हा शिवल्याशिवाय तो अंगाला बसत नाही, आणि इथे शिलाई कापडापेक्षा महाग पडते. म्हणून भाव ठरवताना बॉल तुमच्या हातात नीट बसून लेनवर नीट वळेपर्यंत एकूण किती खर्च येणार, तो आकडा आधी मांडायचा आणि त्यातून मागे येत विकणाऱ्याला किती द्यायचे ते ठरवायचं. हा हिशेब न करता घेतलेला ‘स्वस्त’ बॉल नव्यापेक्षा महाग पडल्याची उदाहरणं कुठल्याही लीगमध्ये सापडतील.

शिलाई महाग का, ते नीट समजून घेऊ. नवा बॉल बिनभोकांचा येतो. प्रो शॉपवाला तुमच्या हाताचं माप घेतो. अंगठ्याच्या भोकाच्या कडेपासून मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या भोकांच्या कडेपर्यंतचं अंतर, ज्याला स्पॅन म्हणतात, ते इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत, कधी त्याहूनही बारीक मोजतात. प्रत्येक भोक कुठल्या बाजूला किती कलतं ठेवायचं हेही हात पाहून ठरतं. हे सगळं आधीच्या मालकाच्या हाताप्रमाणे झालेलं असतं. तुमच्यासाठी ते बदलायचं, तर जुनी भोकं बुजवावी लागतात. दोन द्रावणं एकत्र करून केलेलं घट्ट रेझिन भोकात ओततात. पृष्ठभागाच्या थोडं वर येईपर्यंत ओतायचं, म्हणून भोकाभोवती चिकटपट्टीचा कठडा करतात. आत बुडबुडा राहिला तर पुढे तिथेच खड्डा पडतो, त्यामुळे ओतणाऱ्याचा हात सरावाचा हवा. मग ते वाळायला ठेवतात. दुसऱ्या दिवशी वर आलेला उंचवटा कापून, घासून बॉलच्या गोलाईशी एकजीव करतात आणि त्यानंतर नवी भोकं पाडतात. एका बॉलला दोन दिवस लागतात. तिन्ही भोकं बुजवून पुन्हा पाडायला ८०-९० डॉलर मागितले, तर दुकानदार लुबाडतोय असं मानू नका.

आता हिशेब मांडू. आकडे अंदाजे आहेत, शहरागणिक थोडे हलतील. नवशिक्याला पुरेल असा नवा रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे लेनवर वळणारा) बॉल १२० डॉलरला मिळतो. भोकं, बोटांचे रबरी इन्सर्ट आणि अंगठ्याची नळी यांचे मिळून ६० धरा. एकूण १८०. दुसरीकडे मार्केटप्लेसवरचा तो चाळीसचा बॉल. भोकं बुजवून पुन्हा पाडायचे ८५, इन्सर्ट आणि नळी २०, आत मुरलेलं तेल काढून पृष्ठभाग नव्याने घासायचे ४०. एकूण १८५. म्हणजे वापरलेला, डागडुजी केलेला बॉल कोऱ्यापेक्षा पाच डॉलरने महाग, आणि कोऱ्याला कंपनीची वॉरंटी असते ती याला नाही. या बॉलसाठी मी वीस डॉलरच्या वर जाणार नाही, आणि तेही तो मला हव्या असलेल्या मॉडेलचाच असेल तर.

पण स्पॅन जुळला तर चित्र पालटतं. चाळीसचा बॉल, वीसचे नवे इन्सर्ट आणि नळी, पंचवीसची घासाई, ८५ डॉलरमध्ये काम फत्ते. इथे चाळीस डॉलर खुशाल द्यावेत. म्हणजे एकाच बॉलचा रास्त भाव तुमच्यासाठी वीस आणि तुमच्या शेजाऱ्यासाठी साठ असू शकतो. म्हणूनच खरेदीची पहिली पायरी बाजारात नाही, प्रो शॉपमध्ये आहे. तिथे जाऊन हाताचं माप काढून घ्या, दोन्ही स्पॅन आणि कल कागदावर लिहून मागा. काही ठिकाणी यासाठी पैसे घेतात, ते आनंदाने द्या. त्याच वेळी विचारून ठेवा, ‘बाहेरून घेतलेला वापरलेला बॉल तुम्ही बुजवून पाडून देता का, आणि किती घेता?’ सगळेच हो म्हणत नाहीत. काही जण बाहेरच्या बॉलला जास्त आकारतात.

बॉल कशाचा आहे, यावरही भाव अवलंबून असतो. बाहेरचं कवच साधारण तीन प्रकारचं. प्लॅस्टिकचा बॉल तेलकट लेनवर घसरत सरळ जातो आणि तेल शोषून घेत नाही. म्हणून तो दहा वर्षं जुना असला तरी बिघडत नाही. उरलेली एखादी पिन पाडायला, म्हणजे स्पेअरसाठी, मुरलेले खेळाडूही तो जवळ बाळगतात. वापरलेला प्लॅस्टिकचा बॉल मापात बसत असेल तर पंधरा-वीस डॉलरला हमखास चांगला सौदा. मापात नसेल तर फुकट मिळाला तरी विचार करा, कारण बुजवून पाडण्याचा खर्च नव्या प्लॅस्टिक बॉलच्या किमतीएवढाच येतो.

दुसरा प्रकार युरेथेनचा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला. त्याचं वळण सौम्य आणि एकसारखं असतं. तिसरा रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. आज लीगमध्ये जो बॉल लेनच्या शेवटी झपकन वळून पिनांमध्ये घुसताना दिसतो, तो बहुतेक हाच. त्याच्या कवचात सूक्ष्म छिद्रं असतात, ती लेनवरचं तेल ओढून घेतात, म्हणून त्याला पकड मिळते. तेल जितकं मुरेल तितकी पकड कमी होत जाते. साधारण ६० गेमनंतर पृष्ठभाग नव्याने घासून घ्यावा, असा सल्ला नेहमी दिला जातो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत ‘एकच सीझन वापरलेला’ असं लिहिलेलं असतं. लीगची रात्र तीन गेमची, सीझन तीस-बत्तीस आठवड्यांचा. म्हणजे एका सीझनमध्ये शंभराच्या आसपास गेम होतात, सराव वेगळाच. असा बॉल वाईट नव्हे, पण तेल काढणं आणि घासाई यांचा खर्च त्याच्या किमतीत धरायलाच हवा. तीन-चार सीझन वापरलेला आणि एकदाही तेल न काढलेला रिअ‍ॅक्टिव्ह बॉल मात्र मी कितीही कमी भावात सुचवणार नाही. गेलेली पकड सगळीच्या सगळी परत येईल याचा भरवसा नसतो.

मॉडेलच्या नावावर भाळू नका. कंपन्या दर काही महिन्यांनी नवे बॉल काढतात आणि जुनी मॉडेलं भराभर उतरतात. ‘मी २३० ला घेतला होता’ या वाक्याला वापरलेल्या बॉलच्या बाजारात किंमत नाही. एकदा भोकं पाडली की माझ्या लेखी भाव निम्म्यावर, आणि दोन सीझन उलटले की पावावर. याला चांगला अपवाद न वापरलेल्या, खोक्यातच राहिलेल्या, बंद झालेल्या मॉडेलांचा. कुणी विकत घेऊन भोकं पाडलीच नाहीत, किंवा दुकानात माल पडून राहिला, असा बॉल ८०-९० डॉलरला मिळाला आणि त्यावर साठ खर्चले तरी दीडशेत कोरा बॉल हातात येतो. बऱ्याच वाचकांसाठी हाच सर्वांत शहाणा पर्याय असेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. अनुक्रमांकाच्या आधी फुली कोरलेली असेल तर तो कारखान्यातच किरकोळ खोट ठरून स्वस्तात काढलेला बॉल असतो. खोट बहुधा रंगाची किंवा कोरीवकामाची असते. लीगला त्याने बिघडत नाही, फक्त भाव त्या मानाने कमी हवा.

कुठे शोधायचं, त्यापेक्षा कधी शोधायचं याला मी जास्त महत्त्व देतो. लीग सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात आणि एप्रिल-मेमध्ये संपतात. सीझन संपला की खेळाडू घरातले जास्तीचे बॉल काढून टाकतात. मे ते जुलै हा घेणाऱ्याचा काळ. ऑगस्टच्या शेवटी सगळ्यांनाच बॉल हवा असतो आणि तोच बॉल वीस डॉलरने वर जातो. अ‍ॅलीच्या सूचनाफलकाकडे लक्ष ठेवा. प्रो शॉपच्या कोपऱ्यात वापरलेल्या बॉलचं वेगळं कपाट असतं. तिथले बॉल मार्केटप्लेसपेक्षा थोडे महाग दिसतात, पण दुकानदाराने तपासून, घासून ठेवलेले असतात आणि पुन्हा पाडण्याचा खर्च बऱ्याचदा त्याच भावात धरलेला असतो. ते विचारून घ्या. ऑनलाइन लांबून मागवताना पंधरा पौंडांचं ओझं पाठवायला वीस-पंचवीस डॉलर सहज लागतात हे विसरू नका. गराज सेलमध्ये आणि गुडविलसारख्या दुकानांत मिळणारे काळे, जड, दोन-तीन पिढ्यांपूर्वीचे रबरी बॉल खेळायला घेऊ नका. बागेत ठेवायला पाच डॉलरला घेतलेत तर गोष्ट वेगळी.

आपल्या लोकांचा एक खास बाजारही आहे. भारतात परतणारी किंवा दुसऱ्या राज्यात जाणारी कुटुंबं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मूव्हिंग सेलची यादी टाकतात. सोफा, राइस कुकर, बर्फ काढायचं फावडं आणि मध्येच एक बोलिंग बॉल, पिशवी आणि बुटांसकट. असे बॉल कमी वापरलेले असतात, कारण हौसेने घेऊन एखादा सीझन खेळून ठेवलेले असतात. अडचण भाव करण्याची. “अरे, तुला म्हणून पन्नास,” असं एखादे काका म्हणाले की पुढे बोलायला जीभ रेटत नाही. तिथे मी एवढंच म्हणेन, “काका, बॉल छानच आहे. पण माझ्या हाताला बसवायला दुकानात ऐंशी-नव्वद जाणार आहेत. मी तुम्हाला वीस देतो, आणि बूट बसले तर त्यांचे वेगळे.” हे खरं आहे आणि समोरच्यालाही पटतं, कारण त्यांनीही कधीतरी ते पैसे मोजलेले असतात. संकोचापोटी पन्नास देऊन नंतर मनात कुढत बसण्यापेक्षा हे बरं. अनोळखी अमेरिकन विकणाऱ्यालाही हाच हिशेब सभ्यपणे लिहून पाठवा. ‘कमी करा’ एवढंच म्हणण्यापेक्षा खर्चाचे आकडे मांडले की भाव लवकर खाली येतो.

बघायला जाण्याआधी काही प्रश्न संदेशातच विचारून टाका. वजन किती, उजव्या हाताचा की डाव्या, आधी कधी भोकं बुजवली आहेत का, किती सीझन खेळला, आणि बॉल ठेवला कुठे होता. शेवटचा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटेल, पण माझ्या दृष्टीने तो पहिल्या तीनांत येतो. वर्षभर गाडीच्या डिकीत किंवा न तापवलेल्या गराजमध्ये पडलेला बॉल हिवाळ्यात गारठतो, उन्हाळ्यात तापतो. बाहेरचं कवच आणि आतला गाभा वेगवेगळ्या पदार्थांचे असल्याने ते सारखे आकसत-प्रसरत नाहीत आणि कवचाला तडा जातो. न वापरताही जातो. घरात, कपाटात ठेवलेला बॉल त्याच वयाच्या डिकीतल्या बॉलपेक्षा जास्त पैशांचा असतो. फोटो मागताना भोकांच्या बाजूचा, उलट बाजूचा आणि अनुक्रमांकाचा असे तीन तरी मागा. सगळे फोटो एकाच बाजूचे आले तर दुसरी बाजू दाखवण्यासारखी नसावी.

प्रत्यक्ष तपासणी घाईत करू नका. मांडीवर टॉवेल पसरा, बॉल त्यावर घ्या आणि उजेड बाजूने पडेल असं बसा. वरून पडणाऱ्या उजेडात तडे दिसत नाहीत. आधी दोन बोटांच्या भोकांमधली अरुंद पट्टी पाहा, तिला ब्रिज म्हणतात. ती जेमतेम पाव इंचाची असते आणि बॉलचा सर्वांत नाजूक भाग तोच. तिच्यावरून अंगठ्याचं नख आडवं फिरवा. ओरखडा असेल तर नख घसरून पुढे जातं, तडा असेल तर अडकतं. मग फोनचा टॉर्च भोकात धरा. वरची रेघ भोकाच्या भिंतीवरून आत उतरत असेल तर तो निश्चित तडा. पण इथेही लगेच बॉल खाली ठेवू नका. तुम्ही बोटांची भोकं बुजवणारच असाल तर फक्त ब्रिजपुरता तडा त्या कामात निघून जातो, आणि विकणाऱ्याला मात्र भाव बराच खाली आणावा लागतो. तडा भोकापासून निघून बॉलच्या पाठीवर लांब गेला असेल किंवा बॉलला वळसा घालून आला असेल, तर पुढची बोलणी नकोत. तो बॉल संपला.

अंगठ्याच्या भोकाच्या कडा तशाच तपासा. आधी भोकं बुजवलेली असतील तर वेगळ्या छटेचे गोल दिसतील. त्या गोलांची कड नखाला लागू नये. एकदा बुजवलेला बॉल चालतो. दोनदा बुजवलेला असेल तर तुमची भोकं जुन्या जोडांवर येण्याची शक्यता वाढते आणि जोडावर पाडलेल्या भोकाची कड लवकर उडते. असा बॉल मी टाळतो.

आता अंगठ्याचं भोक आपल्याकडे आणि बोटांची भोकं पलीकडे करून बॉल धरा. लेनवर घासून पडलेल्या तेलकट वलयांचा पट्टा भोकांच्या डाव्या बाजूला असेल तर बॉल उजव्या हाताने खेळणाऱ्याचा, उजव्या बाजूला असेल तर डावऱ्याचा. विकणारा चुकीचं सांगत असेल तर इथे कळतं. या पट्ट्यावरून तळवा फिरवा. बारीक ओरखडे असणारच, घासाईत ते जातात. बॉल परत आणणाऱ्या यंत्राने पाडलेले खोल टवके मात्र घासाईने जात नाहीत, ते भरून घ्यावे लागतात. पट्ट्यावर असलेला टवका प्रत्येक फेरीत लेनला लागतो, उलट बाजूचा लागत नाही. म्हणून खोलीइतकंच टवक्याचं ठिकाणही पाहा.

मग हात घाला. हल्लीचे बहुतेक बॉल फिंगरटिप पद्धतीचे, म्हणजे बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जाणारे असतात. बोटं पहिल्या पेरापर्यंत, अंगठा मुळापर्यंत घालून बॉल दुसऱ्या हाताने खालून धरा. तळव्याची कातडी ताणली जात असेल तर स्पॅन मोठा, तळवा आणि बॉल यांच्यामध्ये मोठी पोकळी राहत असेल तर स्पॅन लहान. अंगठा थोडा सैल किंवा घट्ट वाटला तर काळजी नको, नळी बदलते. स्पॅन मात्र पट्टीने मोजून तुमच्या कागदाशी ताडून बघा. मापात ‘जवळपास’ चालत नाही. पाव इंच मोठ्या स्पॅनचा बॉल ‘सवय होईल’ म्हणून वापरणारे लोक अंगठ्याचा सांधा दुखावून घेतात. पैसे वाचवण्याच्या नादात हाताशी खेळू नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो.

बोटांची भोकं जुळत असतील आणि फक्त अंगठ्याचं चुकत असेल, तर एकच भोक बुजवून पाडायला खर्च निम्म्याच्या आत येतो. त्याहून उत्तम संधी दोन्ही हातांनी खेळणाऱ्यांच्या बॉलमध्ये असते. व्यावसायिक खेळाडू जेसन बेलमाँटीमुळे ही पद्धत जगभर पसरली, आणि तरुण खेळाडूंमधले अनेक जण अंगठा घालतच नाहीत. त्यांच्या बॉलला दोनच भोकं असतात. असा बॉल मिळाला आणि बोटांच्या भोकांचा आकार व कल तुम्हाला चालत असेल, तर अंगठ्याचं भोक कोऱ्या जागेत तुमच्या मापाने पाडता येतं, काही बुजवावं लागत नाही. सगळ्यांच्या नजरेतून सुटणारा हा माल आहे, आवर्जून शोधा.

वजनाबाबत विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. भारतवारीसाठी बॅगा तोलायचा छोटा काटा आपल्या प्रत्येक घरी असतो, तो सोबत न्या आणि बॉल पिशवीत घालून तोला. भोकं पाडताना काही औंस जातात, त्यामुळे १५ पौंडांचा म्हणून घेतलेला बॉल थोडा हलका भरला तर ठीक. नियमाने जास्तीत जास्त वजन १६ पौंड, किमान मर्यादा नाही. रॅकवरचा ज्या वजनाचा बॉल तिन्ही गेम न थकता टाकता येतो, त्यापासून सुरुवात करा. मापात बसलेला बॉल हाताला हलका लागतो, म्हणून पौंडभर वर जाता येतं. त्यापुढे नको.

सँक्शन्ड लीगमध्ये, म्हणजे युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांखाली खेळायचं असेल तर आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. १ ऑगस्ट २०२० पासून तोल साधण्यासाठी पाडलेलं जास्तीचं भोक चालत नाही. पकडीसाठी न वापरलं जाणारं कुठलंही भोक बुजवलेलं हवं. त्याआधीच्या वर्षांतल्या अनेक बॉलना असं चौथं भोक आहे आणि विकणारा ते सांगेलच असं नाही. ते बुजवण्याचे पैसे भावातून वजा करा. स्वतः अंगठा न घालता खेळत असाल तर तीन भोकांच्या बॉलमधलं अंगठ्याचं भोकही याच नियमात येतं. दुसरं, बॉलवर अनुक्रमांक वाचता आला पाहिजे आणि मॉडेल संघटनेच्या मान्य यादीत असलं पाहिजे. ही यादी संघटनेच्या संकेतस्थळावर आहे, फोनवर तिथल्या तिथे बघता येते. २०२२ मध्ये कठीणपणाच्या निकषावरून काही मॉडेलांवर बंधनं आली, त्यामुळे ‘पूर्वी चालत होता’ हे पुरेसं नाही. कठीणपणाचा नियम जुना आहे. १९७० च्या दशकात खेळाडू प्लॅस्टिकचे बॉल रसायनात बुडवून मऊ करत, म्हणजे त्यांना लेनवर पकड मिळे. डॉन मॅक्यून यांनी १९७३ मध्ये अशाच बॉलनी व्यावसायिक स्पर्धा गाजवल्या आणि त्यानंतर किमान कठीणपणा ठरवला गेला. नुसतं मौजेखातर खेळणाऱ्यांना यातलं काही लागू नाही. उलट चौथ्या भोकाचा बॉल त्यांना इतरांपेक्षा स्वस्तात मिळू शकतो.

मुलांसाठी वापरलेलाच बॉल घ्यावा. त्यांचा हात आणि ताकद वर्षावर्षाला बदलते, नव्याचे पैसे वसूल होत नाहीत. सहा ते दहा पौंडांचे प्लॅस्टिकचे बॉल लीगमधल्याच पालकांकडे एकाच्या मुलाकडून दुसऱ्याच्या मुलाकडे फिरत असतात. तिथे शब्द टाकून ठेवा.

सौदा शक्यतो प्रो शॉप असलेल्या अ‍ॅलीतच करा. दुकानदाराला पाच मिनिटं बॉल बघायची विनंती करा, त्याच्या वेळेचे पैसे देऊ करा आणि पुढचं काम त्यालाच द्या. तुमच्या नखाला न लागलेला तडा त्याच्या नजरेला लागतो. पैसे देण्याआधी त्याच्याकडून एकूण खर्चाचा आकडा घ्या. तो नव्या बॉलच्या एकूण खर्चाला जाऊन भिडत असेल, तर मी तरी नवाच घेईन.

घेतल्यावर इन्सर्ट आणि नळी लगेच बदलून घ्या. दुसऱ्याच्या बोटांनी झिजलेले रबर तुमच्या पकडीला कधीच नीट बसत नाहीत, आणि हा खर्च किरकोळ आहे. तेल काढायचं काम दुकानात करून घ्या. घरच्या ओव्हनमध्ये किंवा डिशवॉशरमध्ये बॉल घालण्याचे उपाय लोक सुचवतात, त्यात बॉल फुटू शकतो. दर वेळी टाकल्यावर टॉवेलने तेल पुसायची सवय लावली की पुढची घासाई लांबते.

आणि भारतात परतताना बॉल सोबत न्यायचा असेल तर आधी इथेच पूर्ण मापात बसवून घ्या. पुण्या-मुंबईत मॉलमध्ये लेन आहेत, पण हाताच्या मापाने भोकं पाडून देणारं दुकान शोधत फिरावं लागेल. १५ पौंडांचा बॉल पावणेसात किलोंचा, म्हणजे २३ किलोंच्या बॅगेतला तिसऱ्या हिश्शाच्या जवळ जाणारा. बॅगेच्या मध्यभागी, चारही बाजूंनी कपडे लावून ठेवा. जास्तीचे इन्सर्टचे दोन जोड आणि अंगठ्याच्या भोकात लावायची टेप त्याच बॅगेत टाका, आणि मापाच्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा.